वारसा दगडात की हातात?

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले दाखल झाले. अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. त्याच बैठकीत आणखी पंचवीस स्थळांची भर पडली आणि यादी १,२४८ वर पोचली. यादी वाढते, तसे ती पाहून संपवू पाहणारेही वाढतात. ‘बारा दिवसांत सात देश’ ही सहल मराठी मध्यमवर्गाला आता नवलाची राहिलेली नाही. सकाळी एक कॅथेड्रल, दुपारी एक राजवाडा, संध्याकाळी एखादा नाच आणि त्यावर भारतीय जेवण, असा तिचा साधारण बेत असतो. हौस म्हणून त्यात वावगं काही नाही. पण अशा पाहण्यातून दुसऱ्यांची संस्कृती कितपत कळते, हा प्रश्न उरतोच. गेली साठेक वर्षं वास्तुतज्ज्ञ, वादक, चित्रकार आणि अभ्यासक त्याच्याशी झटत आले आहेत, आणि त्यांची उत्तरं बरीच बदललीही आहेत.

सुरुवात दगडापासून झाली. १९६४ ची व्हेनिस सनद ही वारसा जतनाची पायाभूत संहिता मानली जाते. दुसऱ्या महायुद्धात बेचिराख झालेल्या युरोपात ती जन्मली. मूळ साहित्याला धक्का लावू नका, जिथे अंदाज सुरू होतो तिथे दुरुस्ती थांबवा आणि नवं काम जुन्यापेक्षा वेगळं ओळखू येऊ द्या, असा तिचा सांगावा. १९७२ मध्ये जागतिक वारसा करार झाला, तोही याच विचारावर उभा राहिला. स्थळ ‘अस्सल’ असलं पाहिजे, आणि अस्सलपणा मुख्यतः मूळ बांधकामात शोधायचा. मात्र या नियमाला पहिला मोठा अपवाद युरोपानेच केला. १९४४ च्या उठावानंतर जर्मन सैन्याने वॉर्साचं जुनं शहर ठरवून जमीनदोस्त केलं होतं. पोलिश लोकांनी ते पुन्हा उभारलं आणि त्यासाठी अठराव्या शतकातल्या बेर्नार्दो बेलोत्तो या चित्रकाराच्या शहरचित्रांचाही आधार घेतला. १९८० मध्ये हे नवं ‘जुनं शहर’ यादीत आलं. तिथला बहुतेक भाग विसाव्या शतकात रचलेला आहे. यादीत गेला तो त्यामागचा निर्धार, असंच म्हणावं लागतं.

दगडाचा नियम खरा अडखळतो तो लाकूड, माती आणि गवत यांच्यापाशी. जपानमधल्या इसेच्या देवस्थानाचं उदाहरण या चर्चेत हमखास येतं, आणि ते यावंही. तिथली मुख्य मंदिरं दर वीस वर्षांनी नव्याने बांधतात. शेजारी शेजारी दोन सारख्या जागा आखलेल्या आहेत. एकीवर मंदिर उभं असतं, दुसरी मोकळी. नवं मंदिर पुरं झालं की देवता रात्रीच्या अंधारात तिकडे जाते आणि जुनं मंदिर उतरवतात. पहिला सोहळा सातव्या शतकाच्या अखेरीस, इ.स. ६९० मध्ये झाला. मध्ययुगातल्या यादवीत शंभराहून जास्त वर्षांचा खंड पडला, तरी २०१३ मध्ये बासष्टावा सोहळा पार पडला. इमारतीबरोबर देवाची वस्त्रं, तलवारी, आरसे असा सगळा सरंजामही नव्याने घडवतात: ७१४ प्रकारच्या १,५७६ वस्तू. उतरवलेलं लाकूड वाया जात नाही. त्यातलं बरंचसं देशभरातल्या इतर देवळांच्या दुरुस्तीला जातं आणि मुख्य खांबांतून देवस्थानाच्या पुलाजवळच्या कमानी होतात.

मग हे मंदिर किती जुनं? वीस वर्षांच्या आतलं की तेराशे वर्षांचं? पाश्चात्त्य पर्यटक इथे हटकून गोंधळतो. वीस वर्षांचा हिशेब सुताराच्या बाजूने पाहिला की गाठ सुटते. विशीत उमेदवारी करणारा पोरगा चाळिशीत मुख्य कारागीर होतो आणि साठीत पुढच्यांना शिकवतो. एका आयुष्यात तीन मंदिरं. काम कधीही इतकं लांबत नाही की सांधा कसा बसवायचा हे माहीत असलेला एकही माणूस शिल्लक नसावा. लागणारं हिनोकी लाकूड मुख्यतः किसोच्या डोंगरांतून येतं. पण देवस्थानाने आपल्या जंगलातही गेल्या शतकात दोनशे वर्षांचा हिशेब धरून झाडं लावली आहेत. गंमत म्हणजे, वारसाचर्चेत सर्वांत जास्त वेळा नाव घेतलं जाणारं हे स्थळ युनेस्कोच्या यादीत नाही.

जपान जागतिक वारसा करारात उशिरा, १९९२ मध्ये आला. पुढच्याच वर्षी होर्यूजीचा बौद्ध परिसर यादीत गेला. जगातल्या सर्वांत जुन्या लाकडी इमारतींपैकी काही तिथे उभ्या आहेत. त्यांची दुरुस्ती करताना वास्तू सांध्यासांध्याने उलगडतात, कुजलेला तुकडा तेवढा बदलतात आणि पुन्हा जोडतात. हे अस्सल मानायचं की नाही, हा पेच उभा राहणारच होता. नोव्हेंबर १९९४ मध्ये नारा शहरात जगभरचे तज्ज्ञ जमले आणि तिथे ठरलेल्या मसुद्याने सूत्र बदललं. अस्सलपणा साहित्याबरोबरच परंपरा, तंत्र, वापर आणि भाव यांतही असू शकतो, आणि तो ज्या त्या संस्कृतीच्या चौकटीत जोखायला हवा. २००३ मध्ये युनेस्कोने अमूर्त वारशासाठी वेगळा करार केला. भारतातून कुडियाट्टम, वेदपठण आणि रामलीला त्या यादीत २००८ मध्ये आले. दगडाकडून हातापर्यंत यायला व्हेनिसपासून चाळीस वर्षं लागली.

या अमूर्त यादीत २०१३ मध्ये दाखल झालेला एक पूल मात्र धडधडीत मूर्त आहे. पेरूमध्ये, कुस्को प्रांताच्या डोंगरात, आपुरीमाक नदीच्या घळीवर केस्वाचाका नावाचा साधारण तीस मीटर लांबीचा झुलता पूल आहे. तो निव्वळ गवताचा आहे. इंका साम्राज्याच्या रस्त्यांवर असे पूल पुष्कळ होते. नदीच्या दोन्ही बाजूंची चार गावं दर जून महिन्यात हा पूल नव्याने विणतात. प्रत्येक घराने गवताची बारीक दोरी वळून आणायची. ते काम बायकांचं. बारीक दोऱ्यांतून जाड दोर आणि जाड दोरांतून पिळाचे अजस्र दोरखंड पुरुष करतात. चार दोरखंड पायाखाली, दोन हाताशी. पहिल्या दिवशी पृथ्वीमातेला आणि डोंगरांना नैवेद्य होतो. मग जुना पूल तोडून नदीत सोडून देतात. पूल विणणारा मुख्य कारागीर दोरखंडावर दोन्ही बाजूंना पाय टाकून बसतो आणि नदीवर अधांतरी पुढे सरकत जाळी गुंफतो. तिसऱ्या दिवसाअखेर पूल तयार होतो आणि चौथ्या दिवशी नाचगाणं.

जवळच आधुनिक पूल आहे. गाड्या त्यावरून जातात, गावकरीही जातात. म्हणजे सोयीसाठी गवताच्या पुलाची कुणाला गरज नाही. महामारीमुळे २०२० मध्ये विणकाम झालं नाही आणि मार्च २०२१ मध्ये पूल तुटून पडला. त्याच जूनमध्ये गावांनी तो पुन्हा विणला. चार गावांना वर्षातून एकदा एका दोरीला हात लावावा लागतो, तंटे बाजूला ठेवून. पुलाचं खरं काम बहुधा तेच आहे. फोटोत मात्र नुसता पूल दिसतो.

पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशात जेन्ने हे गाव आहे, आणि तिथली मोठी मशीद ही मातीची जगातली सर्वांत मोठी इमारत म्हणून सांगितली जाते. आज उभी आहे ती वास्तू १९०७ ची. फ्रेंच अमलाखाली, पण गावच्या गवंड्यांच्या प्रमुखाने, इस्माइला त्राओरेने बांधून घेतलेली. त्याच जागेवर आधीची मशीद तेराव्या शतकाच्या सुमाराची मानतात. भिंतींतून ताडाच्या लाकडांच्या जुड्या बाहेर आलेल्या दिसतात. पर्यटकाला ती नक्षी वाटते. गवंड्यांसाठी ती कायमची परांची आहे. दरवर्षी पावसाआधी भिंतींना नवा गिलावा द्यायचा, तेव्हा त्यांवर चढूनच काम होतं. नदीकाठची माती आणि भाताचा कोंडा खड्ड्यात भिजवून काही दिवस मुरू देतात. पोरं त्यात उड्या मारून ती मळतात. मग ठरलेल्या पहाटे सगळं गाव उतरतं. मुली आणि बायका पाणी आणतात, तरुण टोपल्यांतून चिखल घेऊन धावतात, मोहल्ल्यामोहल्ल्यांत पैज लागते आणि म्हातारे गवंडी खालून ओरडून चुका दाखवतात. दिवाळीच्या आधी घराला पोतेरं आणि अंगणाला सारवण घातलेल्या मराठी वाचकाला हा उत्सव परका वाटू नये, फक्त इथे घर गावाएवढं आहे.

याच जेन्नेत बाहेरच्यांच्या कौतुकाची दुसरी बाजूही दिसते. १९८८ पासून हे शहर जागतिक वारसा यादीत आहे. त्यामुळे नाव झालं, पैसा आला, पर्यटक आले. पण ज्यांना मातीची घरं राखायची आहेत, त्यांना घरात फरशी बसवायची किंवा न्हाणीघर वाढवायचं म्हटलं की नियम आडवे येतात. संस्कृती टिकावी ही जगाची इच्छा. दरवर्षी चिखल कालवायचा आणि गवंड्याची मजुरी भरायची, ती जेन्नेकरांनी. १९९६ मध्ये एका परदेशी फॅशन मासिकाने मशिदीत छायाचित्रं काढली. तेव्हापासून बिगरमुस्लिमांना आत मज्जाव आहे. २०१६ मध्ये, देशातल्या अशांततेमुळे, जेन्ने ‘धोक्यातल्या वारशां’च्या यादीत गेलं. माली देशातल्याच टिंबक्टूत २०१२ साली अतिरेक्यांनी सुफी संतांच्या कबरी फोडल्या होत्या. तिथल्या स्थानिक गवंड्यांनी त्या २०१५ पर्यंत पुन्हा बांधल्या. माती वाहून गेली तरी विद्या शिल्लक होती, म्हणूनच ते जमलं.

श्रीमंत युरोपाला हा धडा २०१९ मध्ये मिळाला. १५ एप्रिलला पॅरिसच्या नोत्रदाम कॅथेड्रलचं छप्पर जळालं. आतला ओकच्या लाकडाचा सांगाडा इतका दाट होता की त्याला ‘जंगल’च म्हणत. पोलाद वापरा, काच वापरा, असे सल्ले सुरू झाले. शेवटी निर्णय झाला तो जुन्याच पद्धतीचा: ओली ओकची लाकडं, आणि तीही कुऱ्हाडीने तासलेली. हे काम करू शकणारे सुतार फ्रान्समध्ये होते, त्याचं एक कारण बर्गंडीतल्या जंगलात आहे. तिथे गेदलाँ या ठिकाणी १९९७ पासून तेराव्या शतकाच्या पद्धतीने एक किल्ला नव्याने बांधला जातोय. खाणीतला दगड तिथेच फोडायचा, चुना तिथेच भाजायचा, माणसाने आत चालून फिरवायच्या लाकडी चक्राने भार उचलायचा. सुरुवातीला अनेकांना तो नुसता तमाशा वाटला असणार. पण तिथे घडलेले काही सुतार पुढे नोत्रदामच्या छपरावर कामाला लागले. डिसेंबर २०२४ मध्ये कॅथेड्रल पुन्हा उघडलं.

इमारतींबाबत जे, तेच चित्रांबाबत. याचं सर्वांत बोलकं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. १८१९ मध्ये अजिंठ्याची लेणी इंग्रजांच्या नजरेला पडली आणि त्यानंतर तिथली भित्तिचित्रं नकलून घेण्याचे प्रयत्न सुरू झाले. मेजर रॉबर्ट गिल १८४४ पासून कित्येक वर्षं तिथे राबला. त्याच्या बहुतेक प्रती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या आगीत गेल्या. मग जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ ते १८८५ दरम्यान अजिंठ्याला जात राहिले. पेस्तनजी बोमनजी त्या विद्यार्थ्यांपैकीच. त्यांच्याही कित्येक प्रती १८८५ मध्ये लंडनमध्येच जळाल्या. जपानी चित्रकार अराई काम्पो १९१७ च्या सुमारास इथे प्रती करून गेला. त्या टोकियोत ठेवलेल्या होत्या आणि १९२३ च्या महाभूकंपानंतरच्या आगीत नष्ट झाल्या. तीन वेळा कष्ट, तिन्ही वेळा राख. मूळ चित्रांचीही आबाळ झालीच. निजामाने १९२० मध्ये इटालियन तज्ज्ञ बोलावले. त्यांनी सुटू लागलेला गिलावा पक्का केला, पण चित्रांवर चढवलेलं लाखेचं रोगण पुढे पिवळं पडलं आणि रंग झाकोळले. ते उतरवण्यात पुरातत्त्व खात्याची पुढची कित्येक वर्षं गेली.

तरीही हे प्रयत्न फुकट गेले असं म्हणता येत नाही. १९०९ ते १९११ च्या हिवाळ्यांत इंग्रज चित्रकार क्रिस्टियाना हेरिंगहॅम यांनी प्रतींसाठी जे तरुण सोबत घेतले, त्यांत कलकत्त्याचे नंदलाल बोस होते. गुहेतल्या अंधुक उजेडात उभं राहून एकेक रेषा हाताने ओढताना नंदलाल जे शिकले, ते त्यांनी शांतिनिकेतनात पिढ्यान्पिढ्या विद्यार्थ्यांना दिलं. हरिपुरा काँग्रेसच्या भित्तिपत्रांत आणि पुढे राज्यघटनेच्या मूळ प्रतीच्या सजावटीत तो हात दिसतो. कागद जळला, पण हात शिकलेला राहिला. अजिंठ्याला दरवर्षी लाखो माणसं जातात. त्यांतल्या एखाद्याने वही काढून पद्मपाणीच्या भुवईची रेषा नकलण्यात अर्धा तास घालवला, तर उरलेली लेणी पाहायची राहिली म्हणून त्याचं काही बिघडत नाही.

संगीतात हा विचार आणखी स्पष्टपणे मांडला गेला. १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात जावाचा गॅमेलान हा वाद्यमेळ ऐकून क्लोद द्यबुसी भारावला, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. त्याच्या संगीतावर त्याची सावली पडली असंही मानतात. पण ते ऐकणं होतं. कॅनडात जन्मलेला संगीतकार कॉलिन मॅकफी १९३० च्या दशकात बालीत घर बांधून राहिला, वादकांमध्ये बसला, लुप्त होऊ लागलेले वाद्यमेळ उभे राहायला त्याने मदत केली. मँटल हूड या अमेरिकन अभ्यासकाने तर १९६० मध्ये थेट मागणीच केली: परक्या संगीतावर लिहायचं असेल त्याने आधी ते वाजवायला शिकावं, दोन भाषा बोलाव्यात तसं दोन संगीतांत वावरावं. त्याने लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात गॅमेलान आणून विद्यार्थ्यांना जमिनीवर बसवलं. पुस्तकात न सापडणाऱ्या गोष्टी तिथे पहिल्याच आठवड्यात कळतात. वाद्य ओलांडून जायचं नाही. एका संचातलं वाद्य दुसऱ्या संचात चालत नाही, कारण प्रत्येक संचाचे सूर त्याच्यापुरते लावलेले असतात. आणि वेगवान धून एकट्याची नसते: दोघे वादक एकमेकांच्या मोकळ्या मात्रांत आघात भरतात, तेव्हा ती पुरी होते.

वस्तुसंग्रहालयांबद्दल इथे थोडक्यात. नायजेरियातल्या बेनिनचा राजवाडा १८९७ मध्ये ब्रिटिशांनी लुटला आणि तिथल्या पितळी मूर्ती व पट्ट युरोपभर विखुरले. जर्मनीने २०२२ मध्ये काही परत केले, चर्चा अजून चालू आहे. पण काचेच्या कपाटांबद्दलच्या या वादात एक गोष्ट क्वचित सांगितली जाते. बेनिन शहरातल्या इगुन रस्त्यावर त्या मूर्ती ओतणाऱ्यांचे वंशज आजही मेणाचा नमुना करून, त्यावर माती लिंपून, मेण वितळवून पितळ ओततात. त्यांची नवी कामं तिथेच विकत मिळतात.

घराजवळही हीच तफावत आहे. वारली चित्रं टी-शर्टवर, चहाच्या कपांवर, विमानतळाच्या भिंतींवर सर्वत्र दिसतात. लग्नघराच्या भिंतीवर सवाशिणी चौक लिहितात, त्यात पालघट देवी असते आणि लग्न लावणारी धवलेरी गाणं म्हणते, हे त्यातल्या किती ग्राहकांना ठाऊक असतं? जपानमधल्या निइगाता प्रांतात, तोकामाची इथे, मिथिला म्युझियम आहे. मधुबनी चित्रकारांप्रमाणे वारली चित्रकारही तिथे मुक्काम करून चित्रं काढून आले आहेत. कपावरच्या छपाईपेक्षा या मुक्कामांना कितीतरी जास्त मोल आहे.

महाराष्ट्राकडे शिकायला आलेल्या परदेशी माणसांची उदाहरणं पाहिली, तर वेळ द्यावा लागतो म्हणजे काय हे नीट समजतं. गुंथर सोंथायमर हे जर्मन विद्वान मूळचे हिंदू कायद्याचे अभ्यासक. ते धनगरांच्या वाड्यांवर पोचले, त्यांच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या आणि बिरोबा, म्हसकोबा, खंडोबा यांच्यावर १९७६ मध्ये जर्मनमध्ये ग्रंथ लिहिला. अनेक मराठी शहरी वाचकांना धनगरी दैवतांचं जग त्यांच्यामुळे नव्याने दिसलं. मॅक्सीन बर्नसन या अमेरिकन भाषाभ्यासक १९६० च्या दशकात फलटणची बोली अभ्यासायला आल्या, तिथेच राहिल्या, भारताचं नागरिकत्व घेतलं, जाई निंबकरांबरोबर मराठी शिकवणारी पुस्तकं लिहिली आणि फलटणमध्ये शाळा काढली. उलट दिशेचा दाखला पु. ल. देशपांड्यांचा. ‘अपूर्वाई’ आणि ‘पूर्वरंग’ लिहून झाल्यावर, पन्नाशीच्या सुमारास, ते बंगाली शिकायला शांतिनिकेतनात जाऊन राहिले. ‘वंगचित्रे’ त्यातून आलं. प्रवासवर्णनांपेक्षा ते कमी वाचलं जातं, पण तिन्ही पुस्तकांत खोल कोणतं असं विचारलं तर उत्तर तेच.

प्रत्येकाला फलटणला किंवा बालीला राहायला जाता येणार नाही, हे उघड आहे. पण पुढच्या सहलीच्या यादीतले सातांपैकी पाच देश खोडणं कुणालाही जमेल. उरलेल्या दोनांपैकी एकाची भाषा सहा महिने आधी शिकायला घ्यावी. पुण्या-मुंबईत जर्मन, फ्रेंच, जपानी, रशियन यांचे वर्ग जुने आहेत आणि ते नोकरीपुरते राखीव नाहीत. तारखा मात्र विमानाच्या सवलतीवरून न ठरवता तिथल्या कामाच्या हंगामावरून ठरवाव्यात: केस्वाचाकाला जायचं तर जूनमध्ये, इसेचा सोहळा पाहायचा तर २०३३ मध्ये. आणि गेदलाँला हिवाळ्यात जाऊ नये, तेव्हा तिथलं काम बंद असतं.